संग्राह्य बाहुल्यांचे उत्पादन कधी थांबवावे?

खेळण्यांच्या व्यवसायात संग्राह्य बाहुली हा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो. साधी बाहुली एकदा विकत घेतली की व्यवहार तेथेच संपतो; संग्राह्य बाहुली मात्र एका मालिकेचा भाग असते, तिच्या मैत्रिणी, पोशाख, पलंग, पेट्या, पुस्तके असा भातुकलीचा सारा संसार उत्पादक वर्षानुवर्षे बाजारात आणत राहतो आणि ग्राहकानेही तो हळूहळू जमवत जावा अशी त्यामागची योजना असते. अशा मालिकेतील एखादी बाहुली, आणि तिच्याबरोबर तिचा संसारही, उत्पादकाने एके दिवशी बाजारातून काढून घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण टिकाऊ वस्तूंचे अर्थशास्त्र, टंचाईचे मानसशास्त्र आणि मुलांसाठी वस्तू विकणाऱ्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्यामुळे त्याचे सरधोपट उत्तर देता येत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘अमेरिकन गर्ल’ ही मालिका होय. शिक्षिका, पाठ्यपुस्तकांच्या लेखिका आणि वार्ताहर म्हणून काम केलेल्या प्लेझंट रोलंड यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिडलटन येथे ‘प्लेझंट कंपनी’ स्थापन केली आणि १९८६ मध्ये अठरा इंच उंचीच्या तीन बाहुल्या टपालाने मागवायच्या सूचिपत्रातून विकण्यास सुरुवात केली. कर्स्टन ही १८५४ च्या सुमारास मिनेसोटात येऊन राहिलेल्या स्वीडिश कुटुंबातील मुलगी, समँथा ही १९०४ मध्ये श्रीमंत आजीच्या घरी वाढणारी अनाथ मुलगी, तर चष्मा लावणारी मॉली ही १९४४ मधील, जिचे वडील महायुद्धावर गेलेले आहेत अशी मुलगी होती. प्रत्येकीच्या नावावर सहा गोष्टींची पुस्तके होती आणि पुस्तकात जी वस्तू येई तीच सूचिपत्रात विकत मिळे. कर्स्टन सेंट लुसियाच्या सणाला डोक्यावर मेणबत्त्यांचे कडे घालते, हे वाचलेल्या मुलीला तेच कडे आपल्या बाहुलीच्या डोक्यावर ठेवता येत असे. वाचन, इतिहास आणि खरेदी यांची ही सांगड विलक्षण यशस्वी ठरली आणि १९९८ मध्ये बार्बीच्या निर्मात्या ‘मॅटेल’ कंपनीने हा व्यवसाय ७० कोटी डॉलरला विकत घेतला.

त्यानंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये, समँथाची विक्री थांबवण्यात येत असल्याचे जाहीर झाले. तिच्या पाठोपाठ कर्स्टन, १७७४ च्या विल्यम्सबर्गमधील फेलिसिटी आणि २०१३ मध्ये मॉली अशी जुनी पात्रे एकामागून एक सूचिपत्रातून नाहीशी झाली. ज्या तीन बाहुल्यांनी व्यवसाय उभा केला त्यांपैकी एकही आता दुकानात उरली नव्हती. पुढे २०१४ मध्ये समँथा नव्या पोशाखात परत आली, आणि मालिकेला ३५ वर्षे झाली तेव्हा, २०२१ मध्ये, सहा जुनी पात्रे मर्यादित काळासाठी पुन्हा विकली गेली. दरम्यानच्या काळात ज्यांनी जुन्या समँथासाठी फेरविक्रीच्या बाजारात चढे दाम मोजले होते त्यांना आपण घाई केली असे वाटले, आणि ज्यांनी ती भविष्यातील गुंतवणूक म्हणून जपून ठेवली होती त्यांना आपण फसलो असे वाटले. दोन्ही तक्रारींना काही आधार होता. ‘थांबवणे’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, कायमचे की तूर्त, हे विक्रीच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्पादकाची बाजू समजून घेण्यासाठी बाहुली कशी घडते हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. व्हिनाइल म्हणजे मऊ केलेल्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या बाहुलीचे डोके सामान्यतः पोकळ ओतकामाने बनते. मूळ शिल्पावरून मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्यासारख्या धातूचा थर चढवला जातो, मेण वितळवून काढले की धातूचा साचा उरतो, त्यात द्रवरूप प्लॅस्टिक घालून तो भट्टीत सर्व दिशांनी फिरवला जातो आणि आतल्या भिंतीवर थर घट्ट झाल्यावर गरम, लवचिक डोके चिमट्याने ओढून बाहेर काढले जाते. प्रत्येक वेळी ओढल्या जाणाऱ्या या डोक्यांमुळे आणि भट्टीच्या उष्णतेमुळे साचे झिजतात व ते पुन्हा घडवावे लागतात. त्यानंतर डोळे बसवणे, ओठ व भुवया रंगवणे, केसांचा टोप चिकटवणे, कापडी धड शिवणे ही कामे वेगवेगळ्या हातांनी होतात. शिवाय पोशाखांची बटणे, लेस, बूट, चष्म्याची तार हे सारे लहान मापात खास बनवून घ्यावे लागते, आणि कापड गिरणी किंवा बटणांचा पुरवठादार एका ठरावीक संख्येपेक्षा कमी मागणी स्वीकारत नाही. एका पात्रामागे असे कित्येक स्वतंत्र नग सांभाळायचे आणि दरवर्षी नवे पात्रही आणायचे, म्हणजे गोदाम, सूचिपत्राची पाने आणि दुकानातील फळ्या कधीतरी अपुऱ्या पडणारच. फळीवरील जागा ही खेळण्यांच्या व्यापारातील सर्वांत महागडी वस्तू आहे असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कधीकधी उत्पादन बंद होत नाही, पण बदलते, आणि संग्राहकांच्या दृष्टीने तोही एक शेवटच असतो. सुरुवातीच्या अमेरिकन गर्ल बाहुल्यांचे धड पांढऱ्या कापडाचे असे. १९९१ मध्ये फेलिसिटी आली तेव्हा तिच्या अठराव्या शतकातील खोल गळ्याच्या झग्यातून ते पांढरे कापड दिसू लागले, म्हणून धडासाठी त्वचेच्या रंगाचे कापड वापरण्यास सुरुवात झाली आणि इतर बाहुल्यांचेही धड बदलले. एका झग्याच्या गळ्यामुळे झालेला हा बदल आज जुन्या बाहुलीचा काळ ओळखण्याची पहिली खूण ठरला असून ‘पांढऱ्या धडाची’ समँथा किंवा मॉली संग्राहक आवर्जून शोधतात. याउलट, हाताने घडणाऱ्या बाहुलीबाबत असा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. महाराष्ट्रातील लाकडी ठकीची घडण कोणा एका कंपनीच्या मालकीची नसते, ती कारागिराच्या हातात असते. कारागीर आणि गिऱ्हाईक उरले नाहीत तर ती लोप पावेल, पण तिचे उत्पादन ‘थांबवल्याचे’ पत्रक कोणी काढू शकणार नाही. उत्पादन थांबवण्याची सत्ता ही साचा, नाव आणि व्यापारचिन्ह एका हाती आल्यानंतरची गोष्ट आहे.

साचा, गोदाम आणि फळी ही कारणे व्यवहाराची झाली. बंद करण्यामागे दुसरे, अधिक सूक्ष्म कारण असते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस, ज्यांना पुढे १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराविषयी एक विचार मांडला. जी वस्तू वर्षानुवर्षे टिकते ती विकणाऱ्याची स्पर्धा दुसऱ्या उत्पादकाशी नसली तरी स्वतःच्याच भविष्यातील मालाशी असते. आज चढ्या भावाने विकून झाल्यावर उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी तो उद्या भाव उतरवील हे ग्राहकाला कळत असते, म्हणून ग्राहक थांबतो, आणि परिणामी मक्तेदाराची भाव ठरवण्याची ताकदच ओसरते. यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे आपण यापुढे माल काढणार नाही अशी विश्वसनीय हमी देणे. शिळाछापाचा चित्रकार ठरलेल्या प्रती काढून झाल्यावर शिळेवरील चित्र पुसून टाकतो, तेव्हा तो अशीच हमी देत असतो. बाहुली पिढ्यान्‌पिढ्या टिकते, जुनी बाहुली नव्या बाहुलीचे गिऱ्हाईक पळवते, म्हणून संग्राह्य मालिकेचा उत्पादकही शिळा पुसण्याच्या मोहात पडतो. मात्र हमी देऊन ती मोडली तर पुढच्या हमीला काही किंमत राहत नाही, ही त्या विचाराची दुसरी बाजू मोहात पडलेला उत्पादक हटकून विसरतो.

टंचाई माणसाच्या मनावर कशी काम करते याविषयी १९७५ मध्ये स्टीफन वर्शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागी व्यक्तींना चवीसाठी बिस्किटे दिली गेली, काहींसमोर दहा बिस्किटांची बरणी होती व काहींसमोर फक्त दोन बिस्किटांची. बिस्किटे एकाच प्रकारची असूनही दोनवाल्या बरणीतील बिस्किटे अधिक हवीशी ठरली. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, ज्यांच्यासमोर आधी दहाची बरणी ठेवून नंतर ती काढून दोनची ठेवली गेली, त्यांनी त्या बिस्किटांना पहिल्यापासून दोनच बिस्किटे पाहणाऱ्यांपेक्षाही वरचे स्थान दिले. वर्षानुवर्षे सहज मिळणारी बाहुली अचानक बंद करणे ही नेमकी हीच क्रिया आहे, आणि म्हणूनच मुळातच कमी काढलेल्या बाहुलीपेक्षा बंद केलेली बाहुली लोकांना अधिक चटका लावते.

या चटक्याचा सर्वांत धंदेवाईक वापर ‘टाय’ या कंपनीने आपल्या बीनी बेबीज या दाणे भरलेल्या लहान कापडी प्राण्यांसाठी केला. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या या मालिकेतील काही प्राणी मधूनमधून ‘निवृत्त’ झाल्याचे जाहीर केले जाई, दुकानदारांनाही कोणता प्राणी किती मिळेल याचा अंदाज नसे, आणि नुकताच सुरू झालेला इंटरनेटवरील लिलाव हा फेरविक्रीचा अड्डा बनला. लास व्हेगासच्या न्यायालयात १९९९ मध्ये घटस्फोट घेणाऱ्या एका दांपत्याने न्यायाधीशांसमोर जमिनीवर बसून आपला संग्रह एकेक प्राणी उचलून वाटून घेतला, त्याचे छायाचित्र आजही त्या वेडाची आठवण म्हणून छापले जाते. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कंपनीने डिसेंबर संपताच सर्व बीनी बेबीज निवृत्त होतील असे घोषित केले, नंतर ग्राहकांचे मतदान घेतले आणि मतदारांच्या ‘इच्छेनुसार’ उत्पादन पुढे चालू ठेवले. एवढ्या मोठ्या घोषणेनंतर निवृत्तीच्या पुढच्या घोषणांवर विश्वास कोण ठेवणार? भाव कोसळले, आणि पेट्या भरून साठा करणाऱ्यांच्या हाती निव्वळ खेळणी उरली. खेळणी म्हणून ती चांगली होती, हा त्यांचा दिलासा फारसा उपयोगी नव्हता.

फेरविक्रीच्या या बाजारात उत्पादकाला नेमके काय मिळते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बंद झालेल्या वस्तूचा चढलेला भाव साठेबाजाच्या खिशात जातो, उत्पादकाला मिळते ती केवळ शेवटच्या आठवड्यांतील घाईची विक्री आणि ‘आपल्या वस्तूला बाजारात किंमत आहे’ अशी जाहिरात. मॉस्को येथील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ ते २०१५ या काळात बाजारात आलेल्या लेगो संचांच्या फेरविक्रीचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी परतावा वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास आढळला, पण काही संचांत मोठा तोटा तर काहींत अनेकपट नफा असा प्रचंड चढउतारही दिसला. हा परतावा न उघडलेल्या खोक्याचा आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे खेळण्यातून नफा मिळवायचा तर त्याला मुलाचा हात लागता कामा नये. २०२५ मध्ये चीनच्या ‘पॉप मार्ट’ कंपनीच्या लबूबू बाहुल्यांबाबत माल थांबवण्याऐवजी वाढवण्याचे उलटे चित्र दिसले: बंद डब्यात कोणती बाहुली निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या या बाहुल्यांचे फेरविक्रीचे भाव गगनाला भिडले असताना कंपनीने जूनमध्ये नव्या मालाची आगाऊ नोंदणी खुली केली आणि दलालांचे भाव झपाट्याने उतरले. कंपनीने जादा माल काढला म्हणून ज्यांचे नुकसान झाले त्यांत खेळणारे मूल एकही नसावे.

संग्राहकाला जुन्या वस्तूची पुनरावृत्ती निघाली म्हणून मूळ वस्तूची किंमत नाहीशी होईल ही भीती वाटते. तिचे उत्तर बार्बीच्या इतिहासात सापडते. १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात आलेल्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना भोके असून त्यांत तांब्याच्या बारीक नळ्या बसवलेल्या होत्या, कारण बाहुली स्टँडवरील दोन खुंट्यांवर उभी राहत असे. १९९४ मध्ये मॅटेलने ३५ वर्षांनिमित्त त्या बार्बीची पुनरावृत्ती काढली, तरी जाणकाराला मूळ बाहुली ओळखायला अडचण आली नाही आणि तिचे मोलही टिकून राहिले. प्रौढ संग्राहकांसाठीच्या बाहुल्यांना मॅटेलने नंतर लेबलांची पद्धत लावली: गोल्ड लेबल म्हणजे जास्तीत जास्त २५,००० प्रती, प्लॅटिनम लेबल म्हणजे १,००० पेक्षा कमी. विकत घेणाऱ्याला आधीच संख्या कळते, आणि येथे उत्पादन थांबवणे हाच सौद्याचा भाग असतो. उलट अशा बाहुलीचे उत्पादन पुन्हा सुरू करणे ही फसवणूक ठरेल.

काही बाहुल्या मात्र मागणी किंवा हिशेब यांमुळे बंद होत नाहीत, तर लोकांच्या आक्षेपामुळे होतात. हात फिरवला की उंची वाढून छातीही उभारणारी १९७५ ची स्किपर, किंवा पोटात बाळ असलेली २००२ मधील मिज, जी ग्राहकांच्या तक्रारींनंतर वॉलमार्टने फळीवरून उतरवली, ही त्यांची उदाहरणे. ग्रेटा गर्विग यांच्या २०२३ मधील ‘बार्बी’ चित्रपटात याच नाकारलेल्या बाहुल्यांना पात्रे म्हणून स्थान मिळाले. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. जी वस्तू विकली जाणे ग्राहकांनाच नको वाटते ती बंद करण्यात वाद उरत नाही.

खरी अडचण मुलांसाठीच्या मालिकांत आहे. २०१४ मध्ये अमेरिकन गर्लने सेसील, मारी-ग्रेस, आयव्ही आणि रूथी ही चार पात्रे एकाच वेळी बंद केली. सेसील ही १८५३ च्या न्यू ऑर्लीन्समधील कृष्णवर्णीय मुलगी होती आणि आयव्ही ही चिनी वंशाची मुलगी ऐतिहासिक मालिकेतील एकमेव आशियाई बाहुली होती. पात्राला मैत्रीण जोडण्याचे धोरण सोडत असल्याचे कंपनीचे कारण व्यवहाराच्या दृष्टीने खोटे नव्हते; पण गोऱ्या मुलींना निवडायला कितीतरी पात्रे असताना चिनी वंशाच्या मुलीसाठी असलेले एकच पात्र जावे, याला फळीवरील जागेचा हिशेब म्हणून सोडून देता येत नाही. पाच पात्रांपैकी एक बंद होणे आणि एकापैकी एक बंद होणे यांत फरक आहे, आणि तो विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही.

मराठी वाचकांना हा मुद्दा जवळचा वाटावा असे एक उदाहरण अलीकडचे आहे. याच कंपनीची ‘वर्षाची मुलगी’ ही उपमालिका २००१ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या रूढ नियमाप्रमाणे एका वर्षाचे पात्र त्या वर्षापुरतेच विकले जाई. २०२३ मध्ये या मालिकेत प्रथमच भारतीय वंशाची मुलगी आली, न्यू जर्सीतील मेटचन गावात राहणारी, बॉलिवूड नृत्य आणि ब्रॉडवेची संगीतनाटके या दोन्हींची आवड असणारी कवी शर्मा. तिची गोष्ट लेखिका वर्षा बजाज यांनी लिहिली आहे. मेटचनला लागून असलेला एडिसनचा परिसर भारतीय, त्यात मराठीही, कुटुंबांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. या बाहुल्या साधारण आठ वर्षांपासून पुढच्या मुलींसाठी असतात. २०२३ मध्ये पाच वर्षांची असलेली एडिसनमधील मुलगी आठ वर्षांची होईल तेव्हा २०२६ साल उजाडलेले असेल, आणि वार्षिक पात्राचा जुना नियम काटेकोरपणे लावला तर तिच्यासारखी दिसणारी बाहुली तिच्या वयाला येण्यापूर्वीच संपलेली असेल. प्रौढ संग्राहक दिनदर्शिका पाहून खरेदी करू शकतो, मुलाच्या वयाला दिनदर्शिकेशी तडजोड करता येत नाही.

या सर्व विवेचनातून जो निर्णय निघतो तो ‘कधीच बंद करू नये’ असा नाही. साचे झिजतात, कापड मिळेनासे होते, नव्या पात्रांना जागा हवी असते, आणि कोणत्याही कंपनीवर एखादी वस्तू अखंड बनवत राहण्याचे बंधन घालणे अव्यवहार्य आहे. निकष एवढाच असावा की बाहुली विकताना ग्राहकाला काय सांगितले होते. जी बाहुली ठरावीक संख्येची म्हणून विकली, तिची संख्या वाढवू नये. जी बाहुली गोष्टीतील सोबतीण म्हणून मुलीला विकली, ती बंद करायची असेल तर किमान एक वर्ष आधी जाहीर करावे, आणि बाहुली बंद झाल्यानंतरही तिचे पोशाख, बूट आणि दुरुस्तीचे सुटे भाग काही वर्षे उपलब्ध ठेवावेत, कारण गेल्या डिसेंबरात नाताळची भेट म्हणून बाहुली मिळालेल्या मुलीचा संसार तर आत्ताच सुरू झालेला असतो. मालिकेत ज्या समाजाचे एकच पात्र असेल ते, त्याच समाजाचे दुसरे पात्र येईपर्यंत, हलवू नये. आणि ‘बंद’ झालेले पात्र पुन्हा आणण्याचा अधिकार राखून ठेवायचा असेल तर तसे पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहावे. बीनी बेबीजसारखी निवृत्तीची नाटके करून भाव चढवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, मग ती कायद्यात बसत असो वा नसो.

परदेशातील नातीसाठी किंवा भाचीसाठी अशी बाहुली घेणाऱ्या वाचकांनी एवढे मात्र अवश्य करावे: तिचे पोशाख आणि सुटे भाग किती काळ मिळणार आहेत हे घेण्यापूर्वी दुकानात विचारावे, आणि बाहुली घरी आली की खोके उघडून ती मुलीच्या हातात द्यावी.